राखीवरावांचं सातचं बातमीपत्र

"ठळकच सांगा," फोनमधून बायको कुजबुजली. "बाळ आत्ता कुठे झोपलंय."

राखीवरावांनी हातातला कागद किंचित खाली घेतला. कागद दोन्ही बाजूंनी भरलेला होता. फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला होता, शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलेलं होतं आणि पाण्याचा पेला उजव्या हाताला होता.

"ठळक बातम्या," ते म्हणाले. "जगात तीन ठिकाणी युद्ध सुरू, त्यातलं एक आपल्या जिन्यात. वरच्या मजल्याने सायकल हलवण्यास नकार दिला. गच्चीच्या किल्लीचा शोध जारी. आणि—"

"किल्ली माझ्या करड्या पर्समध्ये आहे. ठेवू आता?"

"हवामान राहिलं."

"उद्या सांगा. दोन्ही दिवसांचं एकदम."

आजचं हवामान उद्या सांगितलं तर ते हवामान राहत नाही, इतिहास होतो, असं राखीवरावांना म्हणायचं होतं. पण ते मत झालं असतं आणि बातमीपत्रात मत चालत नाही. फोन बंद झाला. त्यांनी उरलेल्या बातम्या साखरेच्या बरणीला वाचून दाखवल्या. बरणीने शेवटपर्यंत ऐकल्या. मग ते करड्या पर्समधून किल्ली काढायला गेले, म्हणजे उद्या एक बातमी कमी झाली.

राखीवराव हे काही त्यांना आईवडिलांनी दिलेलं नाव नव्हे. रेडिओ केंद्रावर ते राखीव निवेदक होते. संध्याकाळी सातच्या बातम्या वाचायला मुख्य निवेदिका काचेच्या खोलीत बसली, की हे शेजारच्या खोलीत त्याच बातम्यांची दुसरी प्रत घेऊन, घसा खाकरून, पाण्याचा पेला भरून तयार बसायचे. बाईंना ठसका लागला, भोवळ आली किंवा त्या आल्याच नाहीत, तर दार ढकलून आत जायचं आणि पुढच्या वाक्यापासून सुरू करायचं. नोकरी एवढीच.

अडचण अशी, की मुख्य निवेदिका आजारी पडणाऱ्यांतली नव्हती. शहरात तापाची साथ आली तेव्हा निम्मं केंद्र अंथरुणाला खिळलं. बाईंनी साथीची बातमी खणखणीत आवाजात वाचली. एकदा त्या राहत होत्या त्याच इमारतीला आग लागली. ती बातमीही त्यांनीच वाचली आणि स्वतःचा पत्ता वाचतानाही त्यांचा आवाज हलला नाही. राखीवराव दाराच्या मुठीवर हात ठेवून उभे होते, ते तसेच उभे राहिले. सबंध नोकरीत त्यांच्या वाट्याला एकच वाक्य आलं: "तांत्रिक बिघाडामुळे आलेल्या व्यत्ययाबद्दल आम्ही दिलगीर आहोत." त्यांची बायको तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिने ते तिथल्या रेडिओवर ऐकलं आणि शेजारच्या बाईला कोपराने ढोसून सांगितलं, "आमचे हे."

न वाचलेली प्रत केंद्रावर टाकून यायला त्यांचा जीव होत नसे. ती घडी घालून खिशातून घरी यायची. लग्न नवं होतं. एकदा बायको म्हणाली, "अहो, शिळी व्हायच्या आत मला तरी वाचून दाखवा." त्यांनी वाचून दाखवली. तिने मांडीवर हात ठेवून, कुणी मोठं माणूस आल्यासारखं सरळ बसून ऐकली. दुसऱ्या दिवशी परत. असं करता करता देशविदेशाच्या शेपटीला घरच्या वार्ता येऊन चिकटल्या: नळ, भाडेकरू, उकाडा, मोरीतलं झुरळ. लेक झाली, बोलायला लागली, गणितात नापास झाली. "गणिताच्या आघाडीवर पीछेहाट, फेरपरीक्षेची शक्यता," असं राखीवरावांनी वाचलं तेव्हा लेक रडता रडता हसायला लागली आणि तिला उचकी लागली. उचकीचीही बातमी झाली.

राखीवराव निवृत्त झाले. केंद्राची प्रत बंद झाली, घरचं सातचं बातमीपत्र मात्र सुरूच राहिलं. बायको त्या घराची ज्येष्ठ प्रतिनिधी होती. दिवसभर बातम्या ती गोळा करायची आणि हे वाचायचे. नियम थोडे होते. मध्ये बोलायचं नाही, मत द्यायचं नाही, कुणाकडे काही मागायचं नाही. आणि सगळ्यांत वरचा नियम न लिहिलेला: ज्याची बातमी झाली नाही, ते त्या घरात घडलेलं नसतं.

त्यामुळे लेकीला बाळ झालं आणि बायकोने बॅग भरली, तेव्हा त्यांनी रीतसर वाचलं, "ज्येष्ठ प्रतिनिधी उन्हाळ्यापुरत्या दौऱ्यावर रवाना." ज्येष्ठ प्रतिनिधीने दाराच्या कडीला हात लावून संपूर्ण ऐकलं, मग ती गेली.

उन्हाळा संपला. लेकीचं शहर लांब, नोकरी नवी, घर एका खोलीचं. राखीवराव एकदा जाऊनही आले. झोपायला त्यांना बाळाची झोळी आणि फ्रिज यांच्या मधला पट्टा मिळाला. पण त्यांचा आवाज काचेआडच्या खोलीत वाया गेला असला तरी लहान नव्हता. पहिल्या ठळक बातमीलाच बाळाने कार्यक्रम बंद पाडला. तीन दिवस तेच झाल्यावर जावई फार अदबीने म्हणाला, "बाबा, तुम्ही फोनवरून जास्त छान वाटता." ते घरी परतले.

फोनवरच्या बातमीपत्राची पहिल्यांदा शान होती. मग बाळाची झोपेची वेळ साडेसहावर आली. मग सातवर आली, जणू मुद्दाम. बातमीपत्राचं ठळक बातम्यांवर भागायला लागलं. आणि खरं सांगायचं तर बातम्याही आटत चालल्या होत्या. बातमी व्हायला घरात निदान दोन माणसं लागतात. एकट्या माणसाच्या हातून कप फुटला तर तो गुपचूप केर भरतो. नळ गळायचा थांबला होता. भाडेकरू गेला होता. एका संध्याकाळी त्यांनी गंभीर आवाजात वाचलं, "साबण दोन तृतीयांश शिल्लक," आणि त्यांना स्वतःचीच कीव आली.

हवामानाचं वेगळं होतं. त्यांच्या घरात हवामान म्हणजे आकाश नव्हे, फरशी. उन्हाळ्यात ऊन खिडकीच्या कट्ट्यावरच थांबायचं, थंडी जवळ येईल तसं आत सरकायचं. आता ते जेवणाच्या टेबलाला वळसा घालून बायकोच्या खुर्चीपर्यंत आलं होतं आणि दुपारभर तिच्यात बसून राहत होतं. राखीवरावांनी ही बातमी लिहिली, स्वतःशी वाचली आणि खोडली. तिच्यात मत होतं. नेमकं कुठल्या शब्दात होतं, ते मात्र सापडेना.

त्याच संध्याकाळी ते घडलं.

"ठेवते हं," बायको कुजबुजली आणि त्याच क्षणी माळ्यावरून काहीतरी धप्पकन खाली आपटलं.

"काय पडलं?" तिने विचारलं.

पडलं होतं रिकामं खोकं. खोकं म्हटलं असतं तर ते खरं होतं आणि फोन बंद झाला असता.

"आत्ताच हाती आलेल्या वृत्तानुसार," राखीवराव म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी स्वतःही तिच्याबरोबर पहिल्यांदाच ऐकलं, "माळ्यावर मांजर व्यायली आहे."

"काय?" बायको म्हणाली. "मांजर? आपल्या माळ्यावर?"

पूर्ण आवाजात. किती तरी आठवड्यांनी तिचा पूर्ण आवाज आला होता, एक्स्चेंजच्या दिवसांतला, तारेच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला सरळ उभं करणारा. मागे बाळ रडायला लागलं. आपल्या बातमीने कुणीतरी जागं झालं, या गोष्टीचं राखीवरावांना शरम वाटण्याइतकं बरं वाटलं.

"तीन पिल्लं," त्यांनी जोडलं.

"तुम्ही बघितलीत? जवळ जाऊन?"

"अगदी जवळून."

"आणि तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय होतंय? व्यायली मांजर आहे."

"नाही, सहज. सांगा, सांगा पुढे."

पुढे सांगायचं म्हणजे पुढचं घडवायला हवं. राखीवराव रात्री जेवताना अस्वस्थ होते. खोटी बातमी. केंद्रावर दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय मांजरच काय, मंत्रीही मेला असं म्हणत नसत. त्यांनी खोकं परत माळ्यावर ठेवलं आणि आत डोकावून बघितलं. खोक्यात पिल्लं असती तर ती कशी निजली असती, एवढं निदान प्रत्यक्ष पाहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पिल्लांचं वर्णन गेलं: एक करडं, एक काळं, एक पायमोजे घातल्यासारखं. तिसऱ्या दिवशी काळं पिल्लू हट्टी असल्याचं वृत्त आलं. त्याच्यानंतर मांजरीने सायकलवाल्या वरच्या मजल्याकडचं दूध लांबवल्याचा आरोप झाला, ज्याला मांजरीच्या गोटातून दुजोरा मिळाला नाही. बायको ऐकायची. सगळं ऐकायची, देशविदेशसुद्धा, कारण मांजर नेहमी शेवटी यायची. बाळाला मांडीवर थोपटत ऐकायची. थोपटण्याचा आवाज वाक्याच्या लयीत पडायचा.

"करड्याने डोळे उघडले का?" एकदा तिने भर दुपारी फोन करून विचारलं. बातमीपत्राच्या वेळेबाहेर.

राखीवराव तेव्हा दाढी करत होते. "एक उघडलाय," ते फेसातून म्हणाले.

"एकच?"

"दुसऱ्याबद्दल वाटाघाटी चालू आहेत."

ती हसली. दाढीचा ब्रश हातात धरून ते फोन बंद झाल्यावरही तसेच उभे राहिले. फेस वाळला.

मग लेकीच्या कानावर गेलं. लेक आजच्या काळातली. "बाबा, फोटो पाठवा ना."

"संबंधितांनी छायाचित्रास नकार दिलाय."

"बाबा, मांजर आहे ती."

"बाळंतीण आहे ती. तुझे असे फोटो काढू दिले होतेस का?"

हा वार बिनतोड होता. पण फार दिवस टिकेल असा नव्हता, हे त्यांना कळत होतं. पिल्लं रोज मोठी होत होती. खोटी पिल्लं खऱ्यांपेक्षा भरभर वाढतात. काळं तर त्यांनी बोलण्याच्या भरात पडद्यावर चढवून ठेवलं होतं.

आणि एका शुक्रवारी बायको म्हणाली, "मी रविवारी येतेय."

राखीवरावांच्या हातातला कागद खाली आला.

"आठ दिवस. पोरीने रजा टाकलीय आणि पुढच्या आठवड्यात पाळणाघर सुरू होईल बहुतेक. जमलं तर मग परत यायचंच नाही मला. पिल्लं मोठी व्हायच्या आत बघून घेते."

"रविवारी," राखीवराव म्हणाले.

"का? काही अडचण?"

"छे. बातमी म्हणून विचारतोय. कितीच्या गाडीने?"

फोन ठेवल्यावर त्यांनी आधी तिची खुर्ची पुसली, मग उशीचा अभ्रा बदलला, मग करड्या पर्सवरची धूळ झटकली. गच्चीची किल्ली त्यांनी परत तिच्यात ठेवली, म्हणजे तिला आल्या आल्या काहीतरी सापडेल. आणि हे सगळं झाल्यावर त्यांची नजर माळ्याकडे गेली.

शनिवारी सकाळी ते कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले. बेकरीत मांजर होती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ती होती म्हणून पावाला उंदीर लागत नव्हते.

"मांजर आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे ना," बेकरीवाला म्हणाला. "पण ती विकायची नाही काका. टोस्ट देऊ?"

"विकत नकोय. उसनी हवीय. आठ दिवस."

बेकरीवाल्याने टोस्टची पिशवी खाली ठेवली. "लोक साखर उसनी नेतात. शिडी नेतात. माझ्या भावाने एकदा स्वतःच्या लग्नात बूट उसने नेले आणि नवरी आवडली नाही म्हणून बूटही परत दिले नाहीत. पण मांजर उसनी मागणारे तुम्ही पहिलेच."

"पिल्लं झालीत का तिला?"

"झालीत की. चार. पिठाच्या पोत्यांमागे."

"मला तीन हवी होती. एक करडं, एक काळं, एक पायमोज्यांचं."

"काका," बेकरीवाला हळू आवाजात म्हणाला, "कुणाला काय सांगून बसलायत?"

राखीवरावांनी पेला शोधला. तिथे पेला नव्हता. "घरी येतायत उद्या," ते म्हणाले. "आमच्या ह्या."

बेकरीवाला त्यांना आत घेऊन गेला. पोत्यांमागे चार पिल्लं एकमेकांवर पडली होती, चारही पांढरीशुभ्र. राखीवरावांचा चेहरा उतरला.

"पीठ आहे ते," बेकरीवाला म्हणाला. त्याने ओलं फडकं घेतलं आणि बरणी पुसावी तसं एकेक पिल्लू पुसायला घेतलं. पहिलं काळं निघालं. दुसरं करडं निघालं, थोडं ओढूनताणून. तिसऱ्याचे पाय पुसायचेच नाहीत असं दोघांच्या संमतीने ठरलं. चौथं मात्र पुसून पुसून फडकं वाळलं तरी पांढरंच राहिलं.

"हे जातिवंत आहे," बेकरीवाला म्हणाला.

"हे मी सांगितलेलं नाही."

"मग आता सांगा. आणि आईलाही न्या. पाजतेय ती अजून. पिल्लं एकटी नेलीत तर ती माझ्या दुकानात तुमच्या नावाने गळा काढेल."

"तुमच्या उंदरांचं काय?"

"उंदरांना आठ दिवस सुट्टी."

राखीवरावांना तिथेच दोन शिंका आल्या. पीठच इतकं उडत होतं.

पावाच्या क्रेटमधून वरात घरी आली. जिन्यात सायकलवाला भेटला. क्रेटमध्ये वाकून त्याने एकदा मांजरीकडे आणि एकदा राखीवरावांकडे बघितलं, आणि कधी नव्हे ती सायकल बाजूला घेतली. मांजरीला माळा पसंत पडला नाही. राखीवराव स्टुलावरून उतरेपर्यंत तिने एकेका पिल्लाला मानेला धरून खाली आणलं आणि कपाटाच्या खालच्या खणात, धुतलेल्या चादरींवर नेऊन ठेवलं. दुपारभर ते कपाटासमोर बसून होते. पिल्लं बघायची नव्हती, सवय करायची होती. नाक गळत होतं, डोळे चुरचुरत होते. त्यांनी आल्याचा चहा केला आणि वाफ घेतली. नेमकी आजच सर्दी व्हावी, उद्या गाडीवर आणायला जायचं तर.

सातला पाच मिनिटं असताना त्यांनी शर्ट बदलला.

फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला. बायको कुजबुजली नाही.

"आज आधी माझं ऐका," ती म्हणाली. "पाळणाघरवाली नाही म्हणाली. एवढं लहान मूल ठेवत नाहीत म्हणे. पोरीच्या साहेबाने रजा कापली आणि जावयाची पाळी रात्रीची लागलीय. मला उद्या नाही येता येणार."

"मग पुढच्या रविवारी?"

पलीकडे शांतता पसरली. एक्स्चेंजमध्ये काम केलेल्या माणसाची शांतता निराळी असते. ती तार सोडून देत नाही, धरून ठेवते.

"अहो, बाळ चालायला लागेपर्यंत काही खरं नाही," ती म्हणाली. "पुढचा उन्हाळा उजाडेल."

"अधिकृत?"

"अधिकृत."

सात वाजले होते. सात वाजल्यावर काय करायचं, एवढं एकच त्या माणसाला पक्कं येत होतं. त्यांनी कागदाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने एक ओळ लिहिली आणि घसा खाकरला.

"नमस्कार. ज्येष्ठ प्रतिनिधींच्या दौऱ्याला मुदतवाढ. पुढील उन्हाळ्यापर्यंत मुक्काम वाढल्याची अधिकृत माहिती आज संध्याकाळी देण्यात आली." ते थांबले, पाणी प्यायले. "शुद्धिपत्र. यापूर्वीच्या वृत्तात पिल्लांची संख्या तीन अशी देण्यात आली होती, ती कृपया चार अशी ऐकावी. तसंच त्यांचा मुक्काम माळ्यावर असल्याचं म्हटलं होतं, तो कपाटाच्या खालच्या—"

शिंक आली. मग दुसरी आली. मग एकामागून एक अशा आल्या की फोन बरणीवरून घसरला.

"शिंकताय तुम्ही," बायको म्हणाली.

"सर्दी झालीय जरा."

"अहो, मांजर आहे तिथे?"

"महिनाभर तेच तर सांगतोय."

"महिनाभर नव्हतं. आज आहे."

राखीवरावांनी नाक पुसलं. हे कुठल्या सदरात घालावं, ते त्यांना कळेना.

"लग्न झालं तेव्हा मी एक मांजर आणली होती," ती म्हणाली. "आठवते?"

"पळून गेली ती."

"पळून नव्हती गेली. तुमचे डोळे सुजून बटाट्यासारखे व्हायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, मांजर घालवा. मी एक्स्चेंजमधल्या एका बाईला देऊन टाकली आणि घरी येऊन सांगितलं पळाली म्हणून."

"मला सर्दी होती तेव्हा."

"सबंध वर्ष?"

सर्दी त्यांना आठवत होती. त्या वर्षी रोज रुमाल बदलावा लागायचा. मांजरही आठवत होती, पण तेव्हा घरच्या वार्ता सुरू झालेल्या नव्हत्या. तिच्या जाण्याची बातमी झालीच नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तिला मांडीवर घेऊन ती केंद्रावरची प्रत वाचायचात. म्हटलं, कशाला सांगायचं. पळाली म्हणजे निदान ती कुठेतरी मजेत आहे असं वाटेल."

पलीकडे बाळाने कूस बदलली असावी. थोपटण्याचा आवाज आला, मग थांबला.

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"पहिल्या दिवशी जरा घाबरले होते. जवळून बघितली म्हणालात ना. पण एकही शिंक नाही, तेव्हा कळलं."

"मग ऐकत का राहिलीस?"

"छान वाचत होतात," ती म्हणाली.

राखीवरावांनी शर्टाचं वरचं बटण उगाचच चाचपून बघितलं. लागलेलंच होतं.

"मग उद्या काय बघायला येणार होतीस?" त्यांनी थोड्या वेळाने विचारलं. हे बातमीत बसत नव्हतं, पण विचारून झालं होतं.

"घरात बघायला काय एक मांजरच असते का?"

जिन्यातून सायकल उतरवल्याचा खडखडाट आला आणि गेला.

"आजच्या आज परत देऊन या त्यांना," ती म्हणाली. "डोळे सुजतील."

"आठ दिवसांच्या बोलीवर आणलीत."

"कुणाकडून?"

"बेकरीतून."

"बेकरीतून," ती म्हणाली, आणि तिचा श्वास हसण्याच्या आणि आणखी कशाच्या तरी मध्ये अडकल्याचं ऐकू आलं. "बरं. मग ऐकवा तरी."

"झोपलीत."

"असू दे."

राखीवरावांनी फोन उचलला, कपाटाचं दार हळूच उघडलं आणि गुडघे टेकून खालच्या खणात अर्धे आत गेले. चार पिल्लं आईच्या पोटाशी लागून निजली होती. मांजरीने एक डोळा उघडून त्यांना न्याहाळलं आणि परत मिटला. त्यांनी हात लांब करून फोन पिल्लांच्या जवळ नेला. दुसऱ्या हाताने नाक घट्ट चिमटीत धरलं, म्हणजे कुणी दचकू नये.

ऐकण्यासारखं तिथे काही नव्हतं. अगदी कान दिला तर बारीक श्वास, चादरीच्या सुरकुतीएवढे. पलीकडून फोन कशाशी तरी नेऊन ठेवल्याचा आवाज झाला, आणि मग तिकडचाही एक लहान श्वास यायला लागला, भरभर. त्याच्या मागे आणखी एक, ओळखीचा, सावकाश.

त्यांचे डोळे वाहत होते आणि हाताला मुंग्या आल्या होत्या. हात त्यांनी हलवला नाही. तिकडूनही कुणी फोन ठेवला नाही.